चार मिनिटं बारा सेकंद

हसनाबादला माझ्या बहिणीच्या, उषाबाईच्या घरी सकाळी दहाला भाचीची, आकांक्षाची हळद होती. हॉलमध्ये माझाच जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर मांडले होते. मी पेनड्राइव्ह लावला. त्यात एकच फाईल होती. लांबी चार मिनिटं बारा सेकंद.

आवाज गोजरबाईंचा, आकांक्षाच्या आत्याचा. २०१९ साली थोरल्या भाचीच्या, दैवशालाच्या हळदीत मी तो मोबाइलवर घेतला होता. दोन वर्षांनी त्या गेल्या. गाताना त्या मध्येच थांबायच्या, कुणीतरी कानात नाव सांगायचं, मगच त्या ते गाण्यात गुंफायच्या आणि बायका ते झेलायच्या. गोजरबाईंनी नाव घेतलं नाही तर हळद फिकी, असं या घरात सगळेच मानत.

“मामा, यात ताईचंच नाव हाय,” आकांक्षा म्हणाली. हसत होती, पण डोळे भरले होते. “मंग माझी हळद फिकीच का?”

“सांग की स्पीकरच्या कानात!” दैवशालानं टोमणा मारला.

आकांक्षा खरंच उठली. हळदीनं माखलेले गाल जाळीला टेकवून म्हणाली, “आत्या, आकांक्षा. अन् नवरदेव अंगद.”

गाण्यातली थांबायची जागा आली. श्वास घेतल्याचा आवाज झाला.

“आकांक्षाबाईला गं हळद लागली, अंगदरावाच्या दारी बाग पिवळी झाली...”

मग उषाबाईनं रडत-हसत पहिली ओळ झेलली. “वन्सं आल्या गं!”

त्यानंतर झुंबड उडाली.

“माझं घ्या, आत्या!”

“सरक ना गं, तुझं झालं की एकदा!”

शेजारची हसीनाही पुढं घुसली. “गोजर आपा, हसीना बोलो ना!” तिचंही नाव आलं, तालात, बरोबर.

मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. ॲम्प्लिफायरवर आकडा ४:१२ वर थांबलेला.

“मामा, हात लावू नका त्याला,” दैवशाला म्हणाली. मी लावला नाही.

सगळ्यांची नावं झाली. स्पीकरजवळ कुणी उरलं नाही. तरी आवाजानं एक नाव घेतलं : कस्तुरी. बायकांनी ते झेललं.

आकांक्षानं तोंड लपवलं. “पोरगी झाली तर. परवा फोनवर ठरवलं आम्ही. कोणालाच सांगितलं न्हाई.”

घर हसण्यानं दणाणलं. उषाबाईनं मूठभर हळद उधळली.

त्याच चालीत आणखी एक नाव आलं : राजानंद.

बायकांनी तेही झेललं.

आम्ही आकांक्षाकडे पाहिलं. ती स्पीकरकडे पाहत होती.

“हे तर,” ती हळूच म्हणाली, “आम्हाला अजून सुचलंच न्हाई.”