अकराव्या भागातला शेजारी

तीस वर्षं बसच्या पास-खिडकीमागे बसून तिने लोकांचे फोटो कार्डांवर चिकटवले होते. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे. नवऱ्याचं उलटं. त्यांचा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेलेला. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा ते लांबून ओळखत, त्यामागचा माणूस मात्र नाही.

निवृत्तीनंतर दोघांचं छान चाललं होतं. दुपारची जेवणं आटोपली की पडदे ओढून घ्यायचे, पस्तीस वर्षांपूर्वीची, वाक्यावाक्याला प्रेक्षकांचा हशा ऐकू येणारी एक विनोदी मालिका लावायची आणि त्यातले ओळखीचे नट शोधायचे.

"हा पोस्टमन बघा. पुढे प्रत्येक सिनेमात न्यायाधीश झाला तो."

"याला केस होते होय?"

"आणि ही मोलकरीण म्हणजे हल्लीची ती खाष्ट सासू."

ते दर वेळी हरत, आणि हरण्यातच खूश असत.

अकराव्या भागात मालिकेतल्या कुटुंबाकडे एक म्हातारा शेजारी वाटीभर साखर मागायला आला. साखर घेतली, मान डोलावली, गेला. अंगात करडा स्वेटर होता आणि डाव्या कोपरावर निळ्या लोकरीचं रफू. करडी लोकर संपली म्हणून ते रफू तिने गेल्याच महिन्यात निळ्याने केलं होतं.

तिने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"अहो, हे तुम्ही आहात."

"काहीतरीच. तेव्हा मी पस्तिशीचा होतो."

"तेच म्हणतेय मी."

"एकासारखी सात माणसं असतात म्हणे," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांचा हात आपसूक कोपराकडे गेला.

बाराव्या भागात ते जिन्यात बसून वर्तमानपत्र वाचत होते. तेराव्यात त्या कुटुंबाबरोबर पत्ते खेळत होते. शेवटची नामावली तिने थांबवून थांबवून वाचली. प्रत्येक नावाला तिच्याकडे चेहरा होता. उरला तो एकच चेहरा, त्याला नाव नव्हतं.

त्यांना मात्र आता मजा वाटू लागली होती. "बरं काम करतोय की मी," चहा ढवळत ते म्हणाले. "उगाच काचा घासत बसलो."

तीही हसली. इतके खुशीत ते बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते केस कापायला गेले. तिला राहवेना. एकटीनेच शेवटचा भाग लावला.

जेवणाचा प्रसंग होता. ते टेबलाशी बसले होते. केस नुकतेच कापलेले. मानेवर बारीक केस चिकटून राहिले होते.

घरची बाई वाढता वाढता म्हणाली, "वहिनींना नाही आणलंत?"

"येईल की. ओळख पटल्याशिवाय ती कुठे पाऊल टाकत नाही."

प्रेक्षक खदखदून हसले. इतक्या दिवसांच्या सवयीने तिलाही हसू आलं.

प्रेक्षकांचं हसणं ओसरलं. तिचं एकटीचं उरलं.

टेबलाभोवती सगळ्यांचे घास हातातच होते.

पुढचं वाक्य म्हणण्याआधी नट थांबतात, तसे ते तिचं हसू संपायची वाट बघत होते.