चिमूटभर तंबाखू

यंदा कापसाले असा भाव चढला का अमरावतीच्या बाजारात बैलबंड्यांची रांग संपेना. त्यातलीच एक बंडी सरळ मी विकाले मांडलेल्या वांग्यांवर चढली! मी बोंबललीच, "डोळे फुटले का रे?"

बंडीसोबतचा राखणदार खाली उतरला. उंचपुरा, निळा फेटा, कमरेले किरपान, हातात लोखंडी कडं. गुपचूप वांगे वेचून देल्ले अन् म्हने, "फुटले नाईत वो बाई... दिपले."

मेला! मले हासू आलं, अन् तेच चुकलं.

सुजानसिंग नांदेडचा शीख. कापूस घेऊन अकोल्याच्या फेऱ्या करे, अन् दर फेरीले माह्याजवळून वांगे नेये. बंडीभर वांगे खाल्ले असतीन त्यानं! दिवाळी झाली तवा म्हने, "वच्छला... तुह्या बाबाले इचारू?"

मले तं आता तोच पाहिजे व्हता. पन जिवाचं पानी झालं. सोयरिकीच्या बोलनीत आमचे बाबा तंबाखूची चंची पुढं करत. पाव्हन्यानं चिमूटभर तंबाखू घेतली तं होकार, नाई घेतली तं अपमान. अन् सुजाननं गुरूचं अमृत घेतलेलं, म्हंजे शिखांची दीक्षाच. केसाले कातर नाई, तंबाखूले हात नाई.

"नुसती हातात घे," मी शिकवलं. "मंग फेकून दे. कोन पायते?"

तो हातातलं कडं चोळत बंडीवर चढला.

दुसऱ्या दिवशी बाबानं चंची पुढं केली. सुजाननं हात जोडले. "बाबा, जीव मागा, देतो. हे नाई."

बाबा ताडकन उठून गेले.

मी रडत रडत बंडीपाशी गेली. "चिमूटभरासाठी मले सोडून राहिला?"

त्याचे डोळे भरले व्हते. "अमृत घेतलं तवा गुरूले वचन देल्लं, वच्छला. कोनी पायत नसलं तरी ते वचनच. ते मोडून तुले वचन देऊ... तं तू तरी कसा भरोसा ठेवशीन?"

बंडी अकोल्याच्या वाटंले लागली. मी घरी येऊन बाबाले सारं सांगून टाकलं.

"म्हंजे," बाबा म्हनाले, "फसवाले शिकवलं माह्या पोरीनं, अन् फसवलं नाई त्यानं?"

मी मान खाली घातली.

"मंग उभी काहून राहिली? बोलाव त्याले! अशा मानसाजवळच तू सुधरशीन."

मी जे पळाली! बडनेऱ्याच्या वाटंवर बंडी गाठली. "अरे थांब! बाबा बोलावून राहिले."

"तंबाखूले?"

"नाई रे बावा... जेवाले." मले धाप लागली व्हती. "अन् मले घेवाले."