शेवाळाचा कप्पा

फरशीवर अजून खारं पाणी होतं आणि बादलीत मेलेले मासे. दीर सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता.

टाचणीला त्यानेच बोलावलं होतं. टाचणी म्हणजे अंगाने वाळका आणि बोलायला टोकदार असा खासगी गुप्तहेर. सोबत त्याचा शाळेपासूनचा मित्र उशी, जो कुठेही टेकला की पसरायचा.

दिराने हकिकत सांगितली. थोरला भाऊ मृत्युपत्रात लिहून गेला होता, की त्याचा एक जरी मासा जिवंत असेपर्यंत बायकोने या घरात राहावं, मग घर धाकट्याचं. बायकोचं छप्पर माशांच्या शेपटीला बांधणारा नवरा! मेल्यावरही त्याने तिचा छळ सोडला नव्हता.

"मासे मेले, घर माझं झालं," दीर म्हणाला. "पण लोक नावं ठेवतील. वहिनीच्या हलगर्जीपणामुळे मेले, एवढं लिहून द्या."

वहिनी माशांच्या टाकीखालच्या काचेच्या कपाटापाशी बसून आतल्या शेवाळावर चिमूटभर खाद्य टाकत होती.

"डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," उशी कुजबुजला.

टाकीची देखभाल करणारा टाकीवालाही आला होता, त्याने रचना समजावली. वरचं पाणी काठाच्या जाळीतून कपाटातल्या खालच्या टाकीत पडतं. तिथे शेवाळाचा एक कप्पा असतो, त्याला तो रेफ्युजियम, म्हणजे आसऱ्याची जागा, म्हणायचा. मग पंप ते पाणी पाइपातून परत वरच्या टाकीच्या तळाशी सोडतो. पंप थांबला, तर त्याच पाइपातून पाणी उलटं उतरतं. म्हणून पाण्याच्या पातळीजवळ पाइपाला भोक पाडलेलं असतं. त्यातून हवा शिरली की उतरणं थांबतं.

आज ते भोक शेवाळाने गच्च भरलं होतं. वरची टाकी पार रिकामी झाली, खालची भरून फरशीवर सांडली आणि वरचे मासे कोरड्यात तडफडून मेले.

"काल संध्याकाळी भोकातून पिचकारी उडत होती," टाकीवाला म्हणाला. "धाकट्या मालकांनी विचारलं म्हणून त्यांनाही दाखवली."

शेवाळाला रात्रभर दिवा लागतो आणि दिवा व पंप एकाच बटणावर चालतात, हेही त्याने सांगितलं. पूर्वी जाळीतून एक पिल्लू खाली वाहून गेलं होतं, तेव्हापासून त्याने बारीक जाळी बसवली होती.

वहिनी एवढंच म्हणाली, की पहाटे उठली तेव्हा पायाला पाणी लागलं आणि बटण बंद होतं.

"तिनेच बंद केलं असणार," दीर म्हणाला. "रात्री मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा पंपाची घरघर चालू होती. इथे मात्र मिट्ट काळोख."

"नक्की काळोख?" टाचणीने विचारलं.

"डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा."

टाचणीने बटण दाबलं. पंप घरघरला आणि कपाटातला दिवा काचेतून थेट सोफ्यापर्यंत पसरला.

"पंप चालू असताना इथे काळोख होऊच शकत नाही. तुम्ही रात्री घरघर ऐकलीच नाहीत, कारण बटण तुम्हीच बंद केलं होतं. आणि काल पिचकारी उडवणारं भोक एका रात्रीत आपोआप बुजत नाही. खालचं शेवाळ कुणीतरी बोटाने कोंबलंय. ते भोक कशासाठी आहे, हे तुम्ही कालच विचारून घेतलंत."

दीर हसला. "बरं, मीच केलं. मासे माझ्याच घरातले. मृत्युपत्रात कोणी मारले ते विचारलेलं नाही. वहिनी, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा."

उशीला संताप आला. टाचणी कपाटापुढे गुडघ्यांवर बसला.

"वहिनी, खाद्य कुणाला घालत होतात?"

टाचणीने शेवाळ अलगद बाजूला केलं. बोटाएवढा मासा दिव्याखाली आला आणि पुन्हा आत शिरला.

"माझं पिल्लू!" टाकीवाला म्हणाला.

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?" उशीने विचारलं.

"सांगितलं असतं, तर काल रात्री तोही मेला असता," वहिनी म्हणाली.

दीर उठून कपाटाकडे निघाला. उशी कपाटाच्या दाराला पाठ लावून ओल्या फरशीवर पसरला आणि या वेळी टाचणी त्याला हसला नाही. दीर थांबला. मग अगदी शांतपणे त्याने टाकीवाल्याला विचारलं, "हे असले मासे किती वर्षं जगतात?"

वहिनीने खाद्याच्या डबीचं झाकण घट्ट लावलं आणि डबी पदरात बांधली.