दुसऱ्या भोंग्याची कुंडली

चष्मेवाले कुंडली शिकायला गेले ते ग्रहताऱ्यांवर एकाएकी विश्वास बसला म्हणून नव्हे. दुपारचे चार त्यांना घरात काढवेनात, म्हणून गेले.

बायको होती तेव्हा चारला चहा व्हायचा. "अहो, टाकू का?" असं ती आतून विचारायची आणि हे "टाक" म्हणेपर्यंत आधण उकळतही असायचं. मागच्या हिवाळ्यात भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना ती वळणावरच्या पायरीवर जरा टेकली, ती उठलीच नाही. त्यानंतर चष्मेवाल्यांनी चहा तीनला करून पाहिला, पाचला करून पाहिला. पण मधे चार वाजायचे ते वाजायचेच.

सकाळी ते दुकान उघडत. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्यात भिंगं घालायची, काढायची आणि विचारायचं, "असं बरं दिसतं, की असं?" सगळा जन्म त्यांनी हा एकच प्रश्न विचारण्यात घालवला होता. दुपारी घरी यायचं. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा तपकिरी चष्मा होता. रोज त्यावर तोंडाची वाफ सोडून तो मऊ फडक्याने पुसायचा आणि परत ठेवायचा. ती चष्मा नेहमी एका हाताने काढायची, तोही डावी काच चिमटीत धरून. "अगं, काच धरू नकोस, काडी धर," असं सांगून सांगून ते थकले होते. आता काच कायम स्वच्छ राहायची, आणि तेच बघवत नव्हतं.

वाचनालयाच्या जिन्यात पाटी लावलेली होती : ज्योतिष, प्राथमिक वर्ग, रोज चार वाजता. ते वर गेले.

शिकवायला होत्या भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या कुंडलीही नकाशासारखीच शिकवत. फळ्यावर चौकोन, त्यात तिरक्या रेघा, झाली बारा घरं. "वरचं मधलं ते पहिलं. तुम्ही स्वतः. तिथून डावीकडे उतरत मोजायचं. पहिल्याच्या बरोबर समोर, खाली, सातवं. जोडीदाराचं. त्याला खेटून आठवं, मरणाचं. असे वर चढत या, की पहिल्याला खेटून उजव्या अंगाला बारावं."

"त्यात काय असतं?" पुढच्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं.

"हातातून सुटतं ते. नजरेआड होतं ते."

"म्हणजे माझा चष्मा!" आजी म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

"चष्मेवाले, यांना दोरी बांधून द्या हो," बाई म्हणाल्या. चष्मेवाले कानापर्यंत लाल झाले. पण बऱ्याच दिवसांनी हसलेही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वेळ दुरुस्त करायला शिकवलं. "घरं जागची हलत नाहीत. पण मूल दोनेक तास उशिरा जन्मलं, की त्या घरांत बसलेले ग्रह एकेक घर मागे सरकतात. पहिल्यातला बाराव्यात जातो, आठव्यातला सातव्यात येतो. मग जन्मवेळ पक्की ठाऊक नसेल तर काय करायचं? आयुष्यात घडलेला एखादा पक्का प्रसंग घ्यायचा, आणि वेळ मागेपुढे करत बघायचं, कुठली कुंडली त्या प्रसंगाला लागू पडते ते."

"नंबर काढण्यासारखंच की," चष्मेवाले न राहवून बोलले. "अक्षरं तीच. भिंगं बदलत जायची."

"अगदी बरोबर. फक्त प्रसंग घडलेला घ्यायचा. हवासा नाही."

"घेतला तर?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "चुकीचा नंबर लागेल, आणखी काय? आणि एक. पाटीवर मांडायचं आणि उठताना ओल्या फडक्याने पुसायचं. कुणाच्या आयुष्याची मांडणी अशी उघडी टाकून जाऊ नये."

पाटी त्यांना विकत आणावी लागली नाही. बायकोच्या कपाटात, चादरींच्या खाली एक निघाली. घरात मूलबाळ नव्हतं, तेव्हा ही आली कुठून ते काही त्यांना आठवेना. लाकडी चौकट कोपऱ्यांत गोल झाली होती. त्यांनी चौकोन काढून पाहिला, तर वरच्या मधल्या घरात आणि खालच्या मधल्या घरात खडू नुसता घसरायला लागला. पाटी उजेडात तिरकी धरली. त्या दोन जागा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत होत्या.

"एवढी कशी झिजली ही?" ते स्वतःशीच म्हणाले.

आपल्या जन्माची वेळ विचारायला त्यांनी ताईला फोन केला. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. जुन्या गावात एकटी राहायची आणि दातांखेरीज सगळं शाबूत असल्याचं अभिमानाने सांगायची.

"ताई, मी किती वाजता झालो गं?"

"का रे, शाळेत नाव घालायचंय?"

"सांग ना."

"गिरणीचा भोंगा झाला आणि तू रडलास. मला वाटलं, घाबरट निपजला. तसाच निघालास म्हणा."

"पहिला भोंगा, की दुसरा?"

"पहिला असेल. नाही रे, थांब. दिवा लावलेला होता… मग दुसरा. काय फरक पडतो? दोन तासांचं तर अंतर."

"दोन तासांत सगळं बदलतं, ताई."

"मग तुझ्या सोयीचा धर," ताई म्हणाली. "आणि जेवतोस ना वेळेवर?"

त्यांनी आधी पहिला भोंगा धरला. चंद्र, म्हणजे ते स्वतः, पहिल्या घरात आला. शुक्र, म्हणजे बायकोचा ग्रह, आठव्यात. हे भिंग अगदी चपखल बसलं. तक्त्याच्या तळाची बारीक अक्षरं एकदम लखलखीत दिसावीत, तसं ते जिन्याचं वळण, ती पिशवी आणि बाहेर घरंगळलेलं एक लिंबू त्यांना पुन्हा दिसलं. नंबर लागला होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्यांनी तिथेच काचा घासायला घेतल्या असत्या.

त्यांनी पाटी पुसली आणि दुसरा भोंगा धरला.

शुक्र सातव्यात आला. चंद्र सरकून बाराव्यात गेला. प्रसंग कुठला धरला, हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही. मनात मात्र म्हटलं : ती आहे.

चुकीचा नंबर आहे हे त्यांना कळत होतं. तरी ते बराच वेळ त्या खालच्या घराकडे बघत राहिले, आणि उठताना पाटी पुसायच्या ऐवजी त्यांनी ती टेबलावर भिंतीला टेकवून उभी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिचा चष्मा हातात घेतला. डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

त्यांनी स्वतःचा अंगठा शेजारी धरून पाहिला. त्यांचा दुप्पट रुंद होता. कट्ट्यावर धूळ नव्हती, खिडकी बंद होती. काल पुसताना राहून गेलं असेल, असं ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी तो चष्मा पुसला नाही.

मग स्वयंपाकघरातली तिची खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढलेली सापडायला लागली, माणूस उठून गेल्यासारखी. ती हातांना लावायची त्या मलमाचा वास टॉवेलला येऊ लागला. एकदा वर्ग नव्हता, तेव्हा चारच्या सुमाराला पातेल्याला हात लावला, तर ते कोमट. चष्मेवाले तर्काने चालणारे. शेजारणीकडे घराची किल्ली होती का? नव्हती. आपण झोपेत उठतो का? त्यांनी दाराला आतून खुर्ची लावून झोपून पाहिलं. खुर्ची सकाळी जागची हललेली नव्हती, आणि ओट्यावर चहाची गाळणी धुऊन उपडी घातलेली होती.

भीती वाटायला हवी होती. त्यांना वाटत होती ती घाई. दुकान ते लवकर बंद करायला लागले.

तसंही दुकानात फारसं कुणी थांबत नव्हतं. लोक दारापर्यंत यायचे, आत डोकावायचे आणि "कुणी नाही वाटतं" असं म्हणून जायचे. "अहो, मी आहे ना!" असं चष्मेवाले म्हणायचे, तोवर माणूस रस्त्यापलीकडे गेलेला असायचा. आपला आवाज पहिल्यापासूनच बारीक, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वर्गात पुढच्या बाकावरच्या आजींनी चष्मेवाल्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. ते शेजारी उभे राहिले, खाकरले. आजींनी पिशवीतून छत्री काढली, तीही त्या खुर्चीला अडकवली. बाईंनी हजेरी घेताना त्यांचं नाव वगळलं नाही. नाव घेतलं, वर पाहिलं, क्षणभर वाट पाहिली आणि पुढे गेल्या.

त्या दिवशी ते जिना उतरून घरी आले आणि टेबलासमोर बसले. बाराव्या घरातल्या चंद्राकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. हातातून सुटतं ते. नजरेआड होतं ते.

त्यांनी फडकं ओलं केलं. एकदा हात फिरवला की झालं. उद्या आजी पिशवी उचलतील. गिऱ्हाईक आत येऊन बसेल. कट्ट्यावरची काच स्वच्छ राहील.

आतून कुणीतरी घसा साफ केला. बोलायच्या आधी ती करायची तसा.

चष्मेवाल्यांनी फडकं पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.

मग ती दिसू लागली. आधी दारातून जाणारी पाठ. मग ओट्यापाशी कोपरापर्यंतचा हात. आणि एका दुपारी सगळीच. टेबलाशी बसलेली, समोर एक कप. केस जरा पांढरे झाले होते. वाळली होती. ते समोरच्या खुर्चीवर बसले. बसताना खुर्ची वाजली नाही.

"अगं," ते म्हणाले.

ती खिडकीकडे बघत होती.

"टाक म्हणालो नाही, तरी टाकलास?"

तिने एकच घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिने आपला हात उचलला आणि गार वारा लागल्यासारखा पदराखाली घेतला.

ते तसेच बसून राहिले. तिच्या भुवईवरचा जुना व्रण, कानामागे खोचलेली बट, सगळं कसं लखलखीत दिसत होतं. बाकी खोली मात्र अंधुक. त्यांनी सवयीने चष्मा सारखा करायला नाकाकडे बोट नेलं.

नाकावर चष्मा नव्हता.

तो खिडकीच्या कट्ट्यावर होता, तिच्या तपकिरी चष्म्याच्या जागी. ती उठली, तिने तो घेतला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मऊ फडक्याने पुसला. मग डावी काच चिमटीत धरून तो परत ठेवला. काचेवर ठसा उमटला. तिच्या ते लक्षात आलं. तिने तो पुन्हा पुसला, या वेळी काडी धरून. तिचे ओठ हलले. "धरली हो काडी," ती हळूच म्हणाली.

फोन वाजला.

"हो ताई. जेवते ना. नाही हो, रडत नाही." तिने भिंतीला पाठ टेकली. "बाकी सगळा दिवस जातो. चार वाजले की नको होतं. आता तिकडे जाते, वाचनालयात. बाई चांगल्या आहेत."

ती ऐकत राहिली. चष्मेवाले उठून तिच्याजवळ गेले. फोनमधून ताईचा आवाज बारीक येत होता, आणि ताई हसवायचा प्रयत्न करत होती.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "हे पहिल्या भोंग्याला झाले, की दुसऱ्या?"

"नको," चष्मेवाले म्हणाले. "अगं, नको. आपण दोघं आहोत ना इथे. राहू दे हे असंच."

पलीकडून ताई काहीतरी म्हणाली.

"सोयीचा?" बायको म्हणाली. "बरं. मग पहिला."

तिने फोन ठेवला आणि टेबलाशी बसली. भिंतीला टेकवलेली पाटी तिने पुढ्यात ओढून घेतली. वरच्या मधल्या घरावर अंगठा फिरवला, मग खालच्या. अंगठा त्या झिजलेल्या खळगीत नेमका बसला. तिने पाटी उजेडात तिरकी धरली.

"एवढी कशी झिजली ही?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने दोरीवरचं फडकं ओढलं. ते अजून ओलं होतं.