सातव्या किलोमीटरवरची चाळीस मिनिटं

ही गोष्ट मी आजवर फक्त माझ्या लेकीला सांगितली आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझं ब्लडप्रेशर तपासलं.

तुम्हीही हवं तर हसा. पण या वयात खोटं सांगून मला काय मिळणार?

एकोणतीस वर्षं झाली. मंगळवार होता. रात्र नाही, अमावस्या नाही... सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लख्ख ऊन होतं.

आमचे हे ट्रेलर चालवायचे. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि हमरस्त्याजवळच्या डेपोत उतरवायचा. मधला टोलरस्ता तेव्हा नवाच होता. अकरा किलोमीटर, दोन्ही बाजूंना उंच भिंती. मध्ये ना वळण, ना फाटा, ना चहाची टपरी. एका टोकाला शिरायचं, बारा मिनिटांत दुसऱ्या टोकाला निघायचं.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिली तापाने गेली, त्यानंतर दोन वर्षांनी मी आले. ज्या घरात ती गेली, ते घर पुढे याच रस्त्यात गेलं. सातव्या किलोमीटरच्या खाली आहे म्हणे. मी ते घर कधी पाहिलं नाही. बदल्यात मिळालेल्या दोन खोल्यांत माझा संसार सुरू झाला.

हे तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

सासूबाई मात्र कसर भरून काढायच्या. तिच्या हाताला चव होती, तिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. जिवंत सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं?

ह्यांच्या टोलच्या पावत्या कागदावर चिकटवून दर शनिवारी कंपनीत द्याव्या लागत. ह्यांची बोटं जाडी, त्यामुळे ते काम माझं. पावतीवर दोन वेळा छापलेल्या असायच्या. रस्त्यावर शिरल्याची आणि बाहेर पडल्याची.

एका शनिवारी माझं लक्ष गेलं...

बारा मिनिटांच्या जागी वीस.

पुढच्या आठवड्यात पस्तीस. मग पंचेचाळीस.

मी विचारलं, तर म्हणाले, सरळ आलो, कुठे थांबणार? आणि बोलताना चेहऱ्यावर असं समाधान, जसं जेवून उठलेल्या माणसाच्या असतं.

मला वाटलं, बाई आहे. बंदराच्या दारापाशी एक चहावाली होती, जरा ठसकेबाज. तिच्यावर मी चार दिवस पाळत ठेवली. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "ताई, रोज लांबून बघता, एकदा चहा तरी घ्या."

मग ह्यांचा दोस्त घरी आला. तोही ट्रेलरवर, सगळे त्याला लंबू म्हणत. हे आंघोळीला गेल्याचं बघून तो हळूच बोलला.

"वहिनी, काल मी त्याच्या मागोमाग शिरलो. पाच मिनिटांत पुढे कुठे दिसेना. म्हटलं, पळवतोय गडी. डेपोत पोचलो, माल उतरवला, चहा झाला... तेव्हा हा आला."

"तुम्ही वाटेत त्यांना ओलांडलं असेल."

"नाही ना. तोच तर घोळ आहे."

त्या रस्त्यावर लपायला झाडसुद्धा नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चहावालीचा काही संबंध नाही. हे पहिलीकडे जातात ते मला कळलं... आणि वेळ वाढत चालली होती. एक दिवस हे आत शिरतील आणि बाहेर येणारच नाहीत.

सोमवारी मी हट्ट धरला. उद्या मी गाडीत येणार. हे म्हणाले, कंपनीने पाहिलं तर नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. तिला सासूबाईंकडे ठेवलं आणि लग्नातली साडी नेसले. का, ते बायकांना सांगायला नको.

अकरा दहाला आम्ही आत शिरलो. मी माझं घड्याळ पाहून ठेवलं.

पहिला किलोमीटर... दुसरा... मी खांबांवरचे आकडे मोजत होते. हे गुणगुणत होते. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

पाचवा.

सहावा.

गाडीचा वेग कमी झाला नाही. पण इंजिनाचा आवाज येईनासा झाला...

मग टायरचा.

मग ह्यांचं गुणगुणणंही थांबलं.

समोर रस्ता होता, ऊन होतं. टोलनाक्यापासून आमच्या पुढे असलेली लाल ट्रक मात्र नव्हती.

हे समोर बघतच म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात...

"जरा सरक. तिला बसू दे."

मी विचारलं, "कोणाला?"



मी सरकले नाही. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. जागा माझी होती.

माझ्या डाव्या अंगाला दरवाजा होता. दरवाजा आणि मी, यांच्यामध्ये चार बोटांचंही अंतर नव्हतं...

तिथली गादी हळूच दबली.

पुढचा आकडा मला आठवतो तो अकरा. समोर टोलनाका. पुन्हा इंजिनाचा आवाज, हॉर्न, धूळ.

खिडकीतल्या माणसाने पावती देताना विचारलं, "गाडी बिघडली होती का?"

मी पावती हिसकावून घेतली. आत अकरा दहा. बाहेर बारा दोन.

माझ्या घड्याळात अकरा बावीस झाले होते.

बिघडली नव्हती, असं मला त्याला सांगायचं होतं. तोंडातून शब्द फुटेना. घसा पार बसला होता, तासभर कोणाशी तंडल्यासारखा.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाले, धूळ गेली.

दुसऱ्या दिवसापासून पावत्यांवर बारा मिनिटं. कधी तेरा. पुढची सतरा वर्षं हे त्याच रस्त्यावर गाडी चालवत होते, एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे झालं नाही. मी मनातून हरखले. वाटलं, गेली बया. लग्नाची साडी बघून पळाली. सासूबाईंनी तिचं नाव काढलं तरी मी हसून ऐकून घ्यायचे. जिंकलेल्या माणसाला काय जातं?

मागच्या साली हे अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी पाय चेपत बसले होते. मनात होतं ते एकदाचं विचारून टाकलं. त्या दिवशी आपण कुठे होतो?

हे म्हणाले, "घरी. तिच्या."

"आणि मी?"

"तू पण. तुम्ही दोघी आत बोलत बसलात. मी बाहेर ओट्यावर."

"काय बोलत होतो आम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी कीव आल्यासारखं.

"मला कसं ऐकू येणार? बाहेर आलीस आणि म्हणालीस, चला, ठरलं आमचं."

"काय ठरलं?"

"ते तुलाच ठाऊक."

शनिवारी पहाटे हे गेले. झोपेतच. चेहरा असा की बघणारे म्हणाले, पुण्यवान माणूस. मला तो चेहरा बघवला नाही.

लेक म्हणते, शेवटी शेवटी बाबांना भ्रम होत होते. असेलही. मला माझ्या शाळेतल्या बाईंच्या साड्यांचे रंग आठवतात, पण ती चाळीस मिनिटं काही केल्या आठवत नाहीत.

माझा स्वभाव मला माहीत आहे. मी हातची वस्तू सोडणारी नव्हे. पण तीही सोडणारी नसणार. तरी तिने मला माझा नवरा परत दिला, तोही इतक्या वर्षांसाठी.

फुकट दिला नसेल.

बदल्यात मी काय द्यायचं कबूल केलं? फक्त त्यांनाच... की आणखी कोणाला?

लेकीची बदली बंदरावर झाली आहे. सोमवारपासून ती रोज त्याच रस्त्याने जाते. आल्या आल्या मी तिला विचारते, किती वेळ लागला?

"बारा मिनिटं, आई," ती म्हणते.

काल म्हणाली, वीस.