‘इतर’ नावाचं बटण

ठप्प!

शिवणयंत्र अर्ध्या बाहीवर थांबलं, पंखा मरगळला आणि इस्त्रीचा लाल दिवा विझला. पाठोपाठ माडीवरून आतोबांचा आवाज आला, "गेली का पुन्हा?"

"गेलीऽऽ!" खालून तिघं एका सुरात ओरडली. सहा दिवसांत ही पाचवी वेळ, त्यामुळे सूर आता चांगलाच जमला होता.

तिघं म्हणजे टिटवी, तिचा धाकटा भाऊ भुंगा आणि आतेभाऊ पहिलवान. पहिलवान फुंकर मारली तर उडेल असा होता. भुंगा दिवसभर गुणगुणायचा. आणि बारा वर्षांच्या टिटवीला टिटवी म्हणायचे, कारण कुठे जरा खुट्ट झालं की घर डोक्यावर घेणारी पहिली तीच. सुट्टीत बहीण-भाऊ आत्याकडे आले, त्याच दिवशी त्या जुन्या घरातलं विजेचं बोर्ड बदललं गेलं होतं.

आतोबा हातातली झारी आपटत खाली आले. "नवीन पॅनेल म्हणे! जुनं बोर्ड म्हणजे हिरा होता हिरा! एकदा फ्यूज उडाला, तेव्हा मी स्वतः त्यात जाड तार घातली. पुढे दहा वर्षं हूं नाही की चूं नाही!"

"अहो, मला उद्या सकाळी बत्तीस गणवेश द्यायचेत," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "अजून नऊ बाकी आहेत. बँडची मुलं काय बनियनवर ढोल वाजवतील? गेली की दोन-दोन तास येत नाही मेली!"

"म्हणूनच वायरमनला बोलावलंय चार वाजता. ते मोठं बटण काढून लाइन डायरेक्ट करायला सांगितलंय."

"डायरेक्ट म्हणजे?" टिटवीने विचारलं.

"म्हणजे ते बटण मधे राहणारच नाही. मग पडेल कसं? कटकट मिटली!"

"पण आतोबा, ते उगाच कशाला पडेल?"

"तू उगाच ओरडतेस ना? तसंच ते उगाच पडतं!"

पहिलवान फिसकन हसला. भुंगा तर सख्खा भाऊ, तोही हसला! टिटवीचे कान लाल झाले. आतोबा बाहेर निघून गेले, पण तिच्या डोक्यातून ते बटण काही जाईना. वायरमननेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की वीज कुठे गळायला लागली तर हे मोठं बटण डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतं. मग वीज कुठेतरी गळतच असली तर?

"आत्या," ती म्हणाली, "आम्ही जरा शोधून बघू?"

"बघा बाई. पण हात कोरडे, आणि फक्त बटणं वर-खाली करायची. झाकणाला हात लावलात तर तंगड्या मोडीन!"

पॅनेल जिन्याखाली होतं. पांढऱ्या पत्र्याच्या पेटीत मोठ्या बटणाशेजारी लहान बटणांची रांग, आणि प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर वायरमनचं गिचमिड अक्षर: हॉल, स्वयंपाकघर, माडी, शिवणखोली, पंप. शेवटच्या पट्टीवर लिहिलं होतं ‘इतर’.

"आधी सगळी लहान खाली," टिटवीने हुकूम सोडला. "आता मोठं वर. हं, राहिलं! आता एकेक करून चढवायचं."

पहिलवानाने हॉल चढवलं. काही नाही. स्वयंपाकघर, माडी, शिवणखोली, पंप, सगळी गुण्यागोविंदाने चढली. मग त्याने ‘इतर’ला बोट लावलं मात्र...

ठप्प!

"आईऽऽ!" पहिलवान दोन पावलं मागे उडाला.

"सापडला चोर!" टिटवी किंचाळली. तिने ‘इतर’ खाली केलं, मोठं पुन्हा चढवलं, आणि आत शिवणयंत्र खडखडायला लागलं.

"कित्ती गुणाची गं माझी पोरं!" आत्याचा आवाज आला.

आता शोधायचं होतं की ‘इतर’ बंद ठेवल्यावर घरात काय बंद पडलंय. तिघांनी घर पालथं घातलं. एकूणएक दिवे लागले, पंखे फिरले. देवडीतला दिवासुद्धा लागला. दारावरची घंटा भुंग्याने अकरा वेळा वाजवून पाहिली, शेवटी आत्या कात्री घेऊन बाहेर आली तेव्हा थांबला.

"हे काय गौडबंगाल आहे?" पहिलवान पायरीवर बसला. "हे बटण काहीच चालवत नाही, आणि सगळं घर बंद पाडतं!"

"पण रोज का नाही पाडत?" टिटवी म्हणाली. "रविवारी वीज गेली नव्हती. रविवारी काय वेगळं होतं?"

"बाबा लग्नाला गेले होते. बाकी काही नाही," पहिलवान म्हणाला.

भुंग्याची गुणगुण एकदम थांबली. टिटवीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बोल."

"आतोबांना सांगणार नाहीस ना? ते मला म्हणाले होते, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाल म्हणून. मी... विसरलो."

"आणि आज ते झारी घेऊनच खाली आले!" टिटवी ताडकन उठली. "पहिलवान, गॅलरीच्या खाली कुठली खोली येते?"

पहिलवानाने आ वासला. "आईची शिवणखोली!"

तिघं धावत सुटली. शिवणखोलीच्या त्या भिंतीला उंच लोखंडी मांडणी टेकलेली होती, आणि तिच्यावर छतापर्यंत कापडाचे तागे. टिटवीने मांडणी आणि भिंत यांच्या फटीत डोकावून पाहिलं. रंग फुगला होता आणि वरून ओल उतरली होती.

"आत्या, ही मांडणी सरकवू या?"

"थांबा, हात लावू नका तिला!" आत्या घाईने म्हणाली. "चावते ती. मी बघ ना, या खोलीत रबरी चपलेशिवाय पाऊल टाकत नाही."

"चावते म्हणजे?"

"मुंग्या येतात हाताला. किती वर्षं झाली! तुझे आतोबा म्हणतात, सुया टोचून टोचून बोटं बधिर झालीत." आत्या क्षणभर थांबली. "पण या आठवड्यात नाही आल्या बाई."

टिटवीने बोटांवर दिवस मोजले. या आठवड्यातच तर नवीन पॅनेल बसलं होतं! बटण ओरडायला लागलं आणि मुंग्या थांबल्या. आणि चार वाजता ते बटण काढून टाकणार होते.

तिने एका दमात सगळं सांगितलं. आत्याचा चेहरा उतरला. तिने स्वतः जाऊन मेन बंद केलं, मग चौघांनी मिळून तागे उतरवले आणि मांडणी ओढली. मागे भिंतीत एक लाकडी फळी ठोकलेली होती, कुणे एके काळच्या विजेच्या पॉइंटवर. फळी ओलीचिंब होती आणि तिच्या कडा जळून काळ्या पडल्या होत्या. बरोबर तिथेच तर मांडणीचा लोखंडी पाय टेकत होता. मांडणी तशीच भिंतीपासून हातभर लांब ठेवून, ‘इतर’ खाली आहे ना हे तीनदा बघून, आत्याने मेन चढवलं आणि पुन्हा मशीनवर बसली. पण तिचं लक्ष सारखं त्या फळीकडे जात होतं.

चारच्या ठोक्याला आतोबा वायरमनला घेऊन हजर झाले. मुलांनी सांगायला तोंड उघडलं, तोवर वायरमनने पक्कड काढलीसुद्धा.

"ते ‘इतर’ काय आहे, काका?" टिटवीने विचारलं.

"असेल कुठली तरी जुनी वायर. सगळ्या तपासल्या, तेवढी एक राहिली. जेवायची वेळ झाली होती, दिली जोडून. जुन्या बोर्डावर चालत होतीच की!"

"पण तीच तर गळतेय!"

"टिटवे, बाजूला हो," आतोबा म्हणाले. "मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. तुम्ही करून टाका हो डायरेक्ट."

टिटवी पॅनेलसमोरून हलली नाही. आवाज अगदी टिटवीचाच होता. "बरं, करा! पण एक अट. मांडणी आम्ही परत भिंतीला लावतो. लाइन डायरेक्ट झाली की काकांनी चप्पल काढायची, त्या मांडणीला हात लावायचा आणि पहिलवानाने ‘इतर’ चढवायचं. चालेल?"

वायरमन हसत हसत शिवणखोलीत डोकावला. ती ओली फळी, त्या काळ्या कडा त्याने पाहिल्या आणि त्याचं हसू मावळलं. पक्कड पिशवीत गेली.

"नाही बुवा," तो हळूच म्हणाला. "मी नाही लावणार हात."

"मी रोज लावते," आत्या म्हणाली.

आतोबा मटकन स्टुलावर बसले.

मग मात्र वायरमनने कामात कसूर केली नाही. मेन बंद करून त्याने फळी उचकटली. आत कापडी वेष्टणाची जुनाट वायर होती, बोट लावताच वेष्टणाचा भुगा झाला. ती वायर त्याने दोन्ही टोकांनी कायमची तोडली आणि ‘इतर’चं बटण काढून टाकलं. जाताना तो कान पकडून म्हणाला, "एक वायर तपासायचा आळस केला, पोरी. पुन्हा नाही करणार. तू आडवी आलीस म्हणून मी वाचलो."

आतोबांनी अडगळीतून आपला ‘हिरा’ आणला. जुन्या फ्यूजमधली ती जाड तार त्यांनी बराच वेळ न्याहाळली. "हे बिचारं ओरडणार होतं दहा वर्षांपूर्वीच," ते म्हणाले. "मीच त्याच्या तोंडात बोळा कोंबला." मग त्यांनी टिटवीला जवळ ओढलं. "तुला उगाच ओरडतेस म्हणालो, माझं चुकलं. माझ्या घराची लक्ष्मी तू राखलीस गं! तुमचे तिघांचे उपकार फिटायचे नाहीत." मग भुंग्याकडे वळून ते म्हणाले, "आणि तू पाणी घालायला विसरलास, तेही बरंच केलंस!"

"कुणी सांगितलं?" भुंगा ओरडला.

कुंड्या त्याच संध्याकाळी अंगणात उतरल्या. रात्रीच्या जेवणाआधी बत्तिसाव्या गणवेशाला शेवटचं बटण लागलं.

सकाळी गणवेश पोचवून सगळे घरी परतले. आतोबांनी पांढरी चिकटपट्टी घेतली, तिच्यावर सुबक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ती पॅनेलच्या मोठ्या बटणाखाली चिकटवली. तिघांनी वाकून वाचलं: ‘टिटवी’.

"वायरमन म्हणालाय, दर महिन्याला एकदा तपासायचं," आतोबा म्हणाले. "मोठ्या बटणावरचं हे बारकं बटण दाबलं की मोठं पडायला हवं. मान तुझा!"

टिटवीने हात फ्रॉकला पुसून कोरडे केले आणि बटण दाबलं.

ठप्प!

पंखे थांबले, दिवे गेले, इस्त्री विझली. या वेळी कुणीच कपाळाला हात लावला नाही. आत्या शिवणखोलीच्या दारात आली. तिच्या पायात चपला नव्हत्या.

"ओरडू दे गं बाई," ती हसत आणि डोळे पुसत म्हणाली, "पोटभर ओरडू दे तिला!"