मालकिनीचं तास

पटो अथवा न पटो, हे घडलंय. ज्या तेजश्रीबाबत घडलं ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. युसूफ वडगावच्या पलीकडचं शिवार. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. टळटळीत दुपार होती.

तेजश्रीच्या वडिलांच्या, आसारामच्या रानात यादवकाळातला कोरीव दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली बारा ओळी. त्यांच्यावरून दोन इतिहासकारांची कायमची जुंपलेली. विजयसिंह सर म्हणतात, हे दानपत्र, जमीन देवळाला दिली. सत्यशीला मॅडम म्हणतात, हा निवाडा. गावानं एकाचा जीव घेतला, म्हणून त्याच्या विधवेला जमीन तोडून दिली.

खरं काय ते बाराव्या ओळीत. आणि ती ओळ मातीत गाडलेली.

विद्वानांचा खेळ होत होता, पण इथं जीव जात होता. सरांचा लेख घेऊन देवस्थान कमिटी आसारामच्या रानावर दावा लावायला निघालेली. घराला तेवढंच रान होतं.

आई-वडील ऊसतोडीला गेलेले. तेजश्रीनं ज्वारी मजुरांना उक्ती, म्हणजे ठोक रकमेवर, देऊन काढून घेतली. त्या सकाळी दगडाचा पाया उकरला. बारावी ओळ दिसली, पण अक्षरं झिजलेली, वाचता येईनात. म्हणून ती ठसा घ्यायला निघाली. दगडावर ओला कागद ठोकून वर शाई फिरवली की अक्षरं पांढरी उमटतात.

वाटेत शेजारच्या चंद्रभागाकाकूंनी हटकलं.

"तेजे, मालकिनीचं तास ठिवलंस का?"

दगडाजवळचं एक तास, म्हणजे ज्वारीची एक ओळ, या घरात पिढ्यान्‌पिढ्या उभी सोडतात. मालकीण कोण, ते कुणालाच ठाऊक नाही.

"न्हाई काकू. मजुरांनी समदं काढलं. एका तासानं काय होतंय?"

"लई वंगाळ केलंस, बाई."

तेजश्री हसली.

कागद ठोकून ती लिंबाखाली बसली. आणि...

खस्स.

ज्वारीचं धाट उपटल्याचा आवाज.

खस्स... खस्स...

रानात एक धाट उभं नव्हतं.

आवाज दगडाकडं सरकला... आणि थांबला.

लिंबावरच्या होला पाखरांचं घुमणंही थांबलं.

तेजश्रीला पळावंसं वाटलं. पण बापाचं रान त्या कागदावर होतं. उठून तिनं शाई फिरवली.

अकरा ओळी लख्ख उमटल्या.

बाराव्या ओळीवर... हाताचा पंजा.

बाईचा. मनगट बोडकं, बांगडी नाही.

कागद आतून दाबला गेला होता. दगडाच्या बाजूनं.

तिनं कागद सोलून काढला. दगडावर बारावी ओळ नव्हतीच. तिथं नुसता गुळगुळीत दगड.

सर म्हणाले, शाई सांडली. पुराव्यावाचून कमिटीचा दावा बारगळला. रान वाचलं.

यंदा आसाराम ऊसतोडीला गेला नाही. काढणीच्या आदल्या दिवशीच मालकिनीचं तास त्यानं स्वतः राखून ठेवलं. सकाळी पाहतो तर ते उपटलेलं. शेजारची दोनही.

"कुणी चोरलं असंल, आबा."

"चोर धाटं दगडापाशी रचून ठिवतंय व्हय?"

मॅडमचंच खरं, रान त्या विधवेचं, हे तेजश्रीला त्या दुपारीच कळलं होतं. फक्त ते बापाला सांगायचं धाडस होत नव्हतं.

आज तिनं सांगितलं.

आसारामनं पायातल्या चपला बांधावर काढल्या.

"रान तिचं हाय, तर मंग आपुन कोण, तेजे?"